दमेकऱ्याला ऊब

दम्यापेक्षा दमेकऱ्याची काळजी घेणारे जास्त घातक, हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. तेव्हा ते सासरे झाले नव्हते, नुसते भडगावचे आबा होते. लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलाला दमा आहे, ही बातमी आमच्याच हितचिंतकांनी त्यांच्यापर्यंत तत्परतेने पोचवली होती. मी म्हटलं, "आबा, पळून दाखवतो."

माघातली पहाट, गिरणेचा काठ. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं. आधी गोळी घेतली, नाकातोंडावर मफलर गुंडाळला, थोडं चाललो आणि मग बेताने पळालो. पुलापर्यंत जाऊन आलो, तरी छातीत शिट्टी वाजली नाही.

आबा इतके खूश झाले, की लगेच मळ्यात भरिताचा बेत ठरला. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यात वांगी टाकली. मी शहाण्यासारखा लांब बसलो, तर आबा ओरडले, "अरे, दमेकरी मानूस शे तो, ऊब द्या त्याले!" चौघांनी मला उचलून थेट धुराच्या तोंडाशी बसवलं. आता मफलर कशाला, म्हणून तोही काढून घेतला.

वांगी भाजायच्या आत माझी छाती बाजाच्या पेटीसारखी वाजायला लागली.

आबांनी कपाळावर हात मारला. "दखा, पयना म्हनीसन दमा उठना!"

दोष सकाळच्या पळण्याचाच, म्हणून धुरात डोळे चोळत सगळ्यांनी माना डोलावल्या. लग्न मात्र ठरलं. अटी दोनच: जावयाने पुन्हा कधी पळायचं नाही, आणि दर हिवाळ्यात भरिताला यायचं.