लाल ठिपक्यांची जोडी

जबाब देणार : सगुण विठ्ठल परब, वय ४१, धंदा पाणबुडा, मूळ राहणार इब्रामपूर, तालुका पेडणे, सध्या वास्को.

मी ठाण्यात समक्ष येऊन सांगतो की, साईश हा माझ्या धाकट्या बहिणीचा, गौरवीचा नवरा. त्याला पाण्याखालचं काम मीच शिकवलं. वास्कोला आम्ही जोडीने जहाजांच्या बुडाशी उतरतो. यंदा थंडीत हिमाचलातल्या एका धरणाचं पाण्याखालचं दार तपासायचं काम मिळालं. प्रकार तिकडे घडला, पण सामान इब्रामपूरच्या घरी बांधलं, म्हणून तक्रार इथे देतो.

टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर साधा असला तर बर्फासारख्या पाण्यात आतून गोठतो आणि हवा भसाभस सुटून जाते. म्हणून दोघांनाही दोन-दोन टाक्या आणि प्रत्येक टाकीवर गार पाण्याचा बंदिस्त रेग्युलेटर, असं मी ठरवलं. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, त्यामुळे गार पाण्याच्या रेग्युलेटरांवर गौरवीने आपल्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते. पाणी आत न शिरू देणारा कोरडा सूट, आतले लोकरीचे कपडे, हातमोजे सगळं मी ओटीवर मांडलं. मी निवडायचं आणि साईशने पेट्यांत बांधायचं, ही आमची रीत. घरच्या माणसावर पहारा ठेवतात काय?

मग पेट्यांवर नारळ ठेवून गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं. एकदा नारळ ठेवला की पेटी पाण्याच्या काठीच उघडायची, असं आमच्याकडे पाळतात. मीही पाळलं. तिथेच फसलो.

काठावर जाड हातमोज्यांनी सामान चढवलं, ठिपके बघितले आणि उतरलो. दारापाशी पहिला रेग्युलेटर गोठला, हवा भसाभस सुटली. तो बंद करून दुसरा घेतला, तोही गोठला. अशा वेळी जोडीदाराने आपल्या तोंडातला काढून द्यायचा आणि स्वतः गळ्यातला दुसरा घ्यायचा. हे साईशकडून मी कितीदा घोटून घेतलंय. मी हात पुढे केला. त्याने तोंडातला दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मागे सरकला. बॅटरीच्या उजेडात त्यावरचा लाल ठिपका दिसला, माझ्याच चाकूने पूर्वी खरवडलेला. ती माझ्या रेग्युलेटरांची जोडी होती.

खोल पाण्यातून थांबत थांबत वर यायचं असतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होऊन अंग लुळं पडतं. मला थांबायला हवा नव्हती, सरळ वर आलो. डावा पाय लुळा पडला आहे. पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

साईश हॉस्पिटलात आला, रडला. स्वतःची गार पाण्याची जोडी मित्रांना दिली होती, त्यांनी बिघडवली, तुम्हाला सांगायची भीती वाटली, म्हणाला. भीती वाटली म्हणे! माझी जोडी काढून घेताना, साध्या रेग्युलेटरांवर ठिपके रंगवताना ती कुठे गेली होती? तोंडावर बोलला असता तर मी कामच सोडलं असतं.

ठिपके पुसट झालेत, दादाच्या जिवाचा प्रश्न आहे, असं सांगून त्याने गौरवीकडून नेलपॉलिशची बाटली मागून घेतली होती. ती बाटली आज तिने स्वतः आणून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. 'धाकट्या बहिणीचा, गौरवीचा नवरा' हे शब्द खोडा, नुसतं नाव ठेवा, असं मी सांगितलं. तेव्हा गौरवी म्हणाली, "दादा, रवांदे. तो आपलो कोण होतो, ता कळांदे सगळ्यांका."

शब्द तसेच ठेवले. सही केली.