मागून धरलेली खुर्ची

"थेंब घातलेत, डोळे उघडू नका."

"चष्मा कुणाचा राहिलाय इथे?"

"बर्फावरून दगड सरकवतात ती टीम तुमचीच ना? परदेशी चाललाय म्हणे!"

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर डोळे मिटून बसलेल्या शिंपीणबाईंच्या शेजारी चाकांच्या दोन खुर्च्या येऊन थांबल्या.

"मावशी, डॉक्टर म्हणतात, माझा उजवा डोळा केव्हाच गेलाय. मग नेम कसा लागतो?"

"लागतो ना? मग झालं तर, कप्तान."

"दगड सोडताना तू मागून माझी खुर्ची धरतेस."

"हलू नये म्हणून. सगळेच धरतात."

"नुसती धरतेस?"

"बघ, तुझा नंबर आला वाटतं."

"मावशी!"

"तुझा नेम धरून झाला की चाक बोटभर वळवते."

"दर वेळी?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"या बाईंचे डोळे मिटलेत."

"कान उघडे आहेत ना!"

"अगं, मला वाटायचं, माझा हात बसलाय! आणखी कुणाला ठाऊक आहे हे?"

"तुला सोडून सगळ्यांना."

शिंपीणबाईंनी न राहवून डोळे उघडले. सगळं धूसर होतं.

ज्या सामन्यामुळे टीमची परदेशासाठी निवड झाली, त्यातला शेवटचा, जिंकून देणारा दगड मावशीने सोडला होता आणि तिची खुर्ची कप्तानाने धरली होती, नुसती धरली होती.