शेऱ्याची परीक्षा

कुत्र्यालाही मास्तर लावतात, हे मला नातीनं पिल्लू आणलं तेव्हा कळलं. मला कुणी शाळेत घातलं नाही, पण शेऱ्या मात्र रोज सकाळी क्लासला. सोसायटीनं बजावलंच होतं, पिल्लू शिकलं तरच इथं राहील. त्याची परीक्षा ठरली हडपसरच्या कृषी प्रदर्शनात. एवढ्या गर्दीत अनोळखी माणसाच्या हातचं काही खायचं नाही, एवढाच पेपर.

पट्टा माझ्या हातात, मागं नात आणि शेऱ्याचे सर. एकानं गूळ पुढं केला, दुसऱ्यानं आवळा. शेऱ्यानं तोंड फिरवलं. देणाऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून दोन्ही मी खाल्ले. पुढच्या स्टॉलवाल्यानं परातीतल्या तपकिरी गोळ्या शेऱ्यापुढं धरल्या. तो ढिम्म. मग मीच मूठभर घेऊन तोंडात टाकल्या. जरा खारट होत्या, पण बऱ्या लागल्या.

पाटीकडे बोट दाखवून स्टॉलवाला शांतपणे म्हणाला, "काका, म्हशींचं खाद्य आहे ते. दूध वाढलं तर कळवा."

सरांनी वहीत खूण केली. "शेऱ्या पास. राहू दे त्याला सोसायटीत."

मी विचारलं, "आणि मी?"

"तुमचं," सर म्हणाले, "सोसायटीला विचारावं लागेल."