वजनकाट्याचं वजन

आपल्या मंडळाच्या अध्यक्षा आदरणीय रसिकाताई, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या योगिनीबाई, सर्वांना माझा सलाम आणि नमस्कार.

मी हफिजा. मंडळाचा जमाखर्च मी बघते, म्हणून बाईंना आलेल्या भेटी वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच आलं. एरवी मी किंमत वाचते. आज वजन वाचते, कारण बाई उद्याच्या विमानाने कुवेत सोडून गावी चालल्या आहेत. पितळेची समई, दोन किलो. शाल, अर्धा किलो. फखरुन्निसा आपांचं लोणचं, दीड किलो, बरणी काचेची. खजूर, तीन किलो. बाईंच्या बॅगेत जागा उरलीय चार किलोची. तेव्हा खजूर आपणच खाऊन जाऊ या.

हसा, पण वजनाची गोष्ट मला बाईंनीच शिकवली आहे.

गेल्या वर्षी माझी निदा नववीत सायन्समध्ये नापास झाली. तिच्या अब्बांनी, म्हणजे साबीरनी, सांगून टाकलं, फेरपरीक्षेत राहिली तर रत्नागिरीला फुफूकडे, म्हणजे त्यांच्या बहिणीकडे पाठवायची. इथली फी पुन्हा भरणं झेपणार नाही. चुकीचं नव्हतं त्यांचं. पण पोटच्या पोरीला आपल्यापासून तोडून कुठली आई राहील? प्रत्येक नमाजात मी तेवढंच मागत होते. आणि अल्लाहने मदत कुठून पाठवली? जलीबच्या आमच्याच इमारतीतून, वरच्या मजल्यावरच्या या बाईंकडून. फी विचारली तर बाई म्हणाल्या, "चहा पाजा, आलं घालून."

पोरगी अडली होती अणुभारावर. पुस्तकात क्लोरीनचा साडेपस्तीस. "अम्मी, धिस इज नॉनसेन्स. अर्धा कुठून आला?" मला काय कळणार? मी मॅट्रिक, आणि तेही कधीचं.

बाईंनी विचारलं, "हफिजाभाभी, बॅगा तोलायचा काटा आहे ना घरात?" आता कुवेतमधल्या आपल्या कुठल्या घरात तो हुकाचा काटा नसतो? बाईंनी चार बॅगांत तांदूळ, डाळी, साबीरच्या सेफ्टी शूजच्या जादा जोडीसकट सगळं कोंबलं. तीन बॅगा सात-सात किलोच्या, एक अकराची.

"सरासरी सांग."

"सात नि अकरा अठरा, त्याचे निम्मे नऊ," निदा म्हणाली. मीही नऊच म्हणाले असते.

"सातच्या किती आहेत?"

निदाने बोटाने बॅगा मोजल्या. मग पुटपुटली, "तीन... एकवीस नि अकरा बत्तीस, भागिले चार. आठ."

"शाबास. आता आठ किलोची बॅग उचलून आण."

निदा उठली, चारी बॅगा बघितल्या आणि हसायला लागली. आठ किलोची बॅग नव्हतीच. बाई म्हणाल्या, "क्लोरीनचं तसंच. दर चार अणूंत साधारण तीन पस्तीसचे, एक सदतीसचा. साडेपस्तीसचा एकही नाही. तो सगळ्यांचा मिळून आहे."

तेवढ्यात साबीर शुऐबाहून ड्युटी संपवून आले. त्यांच्या प्लांटमध्ये पाण्यात क्लोरीन घालतात. निदाने ऐटीत विचारलं, "अब्बा, साडेपस्तीसचा एक तरी अणू बघितलात का?" ते म्हणाले, "आधी माझे दुसरे बूट कुठायत ते सांग. सरासरीत घातलेस काय?"

त्या दिवसानंतर पोरीला पुस्तक उघड म्हणून सांगावं लागलं नाही. फेरपरीक्षेत पास झाली. ती बघा, तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलीय, आमच्याजवळ. बाई, ही तुमची कमाई.

भेटींच्या यादीत एक वस्तू राहिली. तोच काटा निदाने तुमच्यासाठी बांधून ठेवला आहे. तो पर्समध्ये ठेवा. त्याचं वजन मात्र मला वाचता आलं नाही, कारण घरातली प्रत्येक वस्तू त्याने तोलली, स्वतःला तेवढं तोलता येत नाही त्याला.

मंडळाने हॉल दिला, सर्वांनी शांतपणे ऐकलं, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि बाई, गावी पोहोचल्यावर वाण्याच्या दुकानात काटा तोलून घ्या नि उलट टपाली आकडा कळवा. तो येईपर्यंत माझी यादी अपुरी आहे, आणि निदा रोज विचारणार.