नानांची फुगणारी पृथ्वी

देवपूरच्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो, पण मला खरं गप्प केलं ते भडगावकडच्या आमच्या शेताशेजारच्या नानांनी. नांगरताना त्यांनी मधला बांध हातभर आमच्याकडे सरकवला होता. मी विचारलं, तर म्हणतात, "मी काय करू? पृथ्वी फुगी राहिनी. मोबाइलवर दखं मी. जमीन वाढनारच."

मी म्हटलं, "नाना, पृथ्वी फुगत नाही. जमिनीखालच्या प्लेटा सरकतात."

"मंग प्लेटाच सरकन्यात. मना काय दोष?"

शेती बघणारी माझी मोठी बहीण, आक्का, नुसती ऐकत होती. पुढच्या नांगरटीला तिने बांध दोन हात नानांच्या शेतात नेला. नाना तणतणत आले.

आक्का शांतपणे म्हणाली, "औंदा आमनी बाजू फुगनी, नाना."