मिऱ्याच्या डब्यातली गुलबक्षी

माझं माहेर भडगाव, गिरणेच्या काठचं, अन् लग्न होऊन आली ती इथं बोदवडला, तर येताना मायने ओटीत नारळासंगे मूठभर गुलबक्षीच्या बिया टाकल्या, एकाच झाडाला लाल अन् पिवळी दोन्ही फुलं यायची तिच्या दारात, म्हणे लाव तुझ्या अंगणात, सांजच्याला फुललं की माय आली समज. आता माय नई, तिच्या अंगणात भावानं फरशी टाकली, राहिली ती माझ्याच दारची.

काय सांगू तुम्हाला भाऊ, मी झेंडू दिला, तेरडा दिला, सदाफुलीची रोपं दिली, पण ते बी कोणालाच दिलं नई. माझ्या सुनेनं, रूपालीनं, तिच्या जामनेरच्या आईसाठी मागितलं तर तिलाही नई म्हटलं. चिकट म्हणा मला. बाया मागतात म्हणून मसाल्याच्या फळीवर, मिऱ्याच्या डब्यासारख्याच डब्यात लपवलं, ते बी दिसतंच मिऱ्यासारखं, काळं, गोल.

मागे नवी खोली काढली, पाया खोदताना गुलबक्षीचे गड्डे बठ्ठे, सगळेच्या सगळे गेले. मी म्हटलं जाऊ द्या, बियांचा डबा शे ना. अन् चैतात काळा मसाला भाजायला बसली, डोळ्यात मोतीबिंदू, हात गेला नेमका त्या डब्यावर, ओतला बठ्ठा कढईत. रूपाली धावत आली, आई थांबा, हाई मिरं नई, गुलबक्षीन्या बिया शेतस, म्हणत कढई खाली ओढली. दळलं असतं तर घर आजारी पडलं असतं, पण मला तेव्हा घराचं सुचलंच नई, मी मायच्या नावानं रडली.

तिनं एकेक बी वेचून कुंडीत लावलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले, मी उठली की आधी बोटानं माती चाचपायची. काहीच नई. अन् रूपाली माझ्याकडे पाहायचीच नई, मला वाटे हिला काय पडलंय.

मग एका दुपारी समोर येऊन उभी राहिली. म्हणे आई, रागे भरू नका, तुम्ही नई म्हटलं तवा मी झाडावरून पाच बिया चोरल्या, माझ्या मायले दिन्यात, जामनेरले बठ्ठी भिंत फुललेली शे.

आधी कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं मी. तेव्हा तिला जवळ घेतलं अन् म्हटलं, बरं केलं माय चोरलं ते. मग तिच्या आईनं जामनेरहून मूठभर बी धाडलं, तेच दारी लावलं.

आता पाहा, सांज झाली, दोन्ही रंग उघडले. भाऊ, हात पुढे करा. असा एक नई, दोन्ही करा. तुमच्या दारी फुलू द्या, अन् जो मागेल त्याला द्या, फक्त मिऱ्याजवळ ठेवू नका.