आधी माथा, मग पायथा

शिंपीणबाईंच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. डोळ्यांत औषध घालून त्या दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी पाणलोट समितीचे अध्यक्ष आणि त्यांची वहिनी तावातावाने बोलत होते. वहिनीचा नवरा, म्हणजे अध्यक्षांचा थोरला भाऊ, बंधाऱ्यातला गाळ उपसताना कोसळला होता आणि आत खाटेवर होता.

“वहिनी, दादाला एकट्याने गाळ उपसायला मी सांगितलं नव्हतं.”

“मग कोण उपसणार होतं, भावजी? एका पावसात बंधारा काठोकाठ गाळाने भरला.”

“त्याला मी काय करू?”

“आधी डोंगरावर चर खणा, माती वरच अडवा, मग खाली बंधारा बांधा, असं हे घसा फोडून सांगत होते. तुम्ही आधी बंधारा बांधलात. तो रस्त्यावरून दिसतो ना.”

“लोकांना काम दिसायला नको? डोंगरावर चर बघायला कोण जातं?”

“वरच्या वस्तीला तर सभेलाही बोलावलं नाहीत. आता गाळ काढायला ते कशाला येतील?”

“ते भांडखोर आहेत.”

“भांडायला तरी बोलवायचं होतं. पुढारी म्हणवता ना?”

“हळू बोला, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. सभेत तुम्ही ऐकलं असतं, तर इथे बसावं लागलं नसतं.”

“दादा बरा झाला की त्यालाच घेऊन वरच्या वस्तीत जातो.”

“त्यांना कशाला पुढे करता? एकटे जा, आणि हात जोडून जा.”

थोरला भाऊ त्याच दिवशी दुपारी वारला.